अकरा तास चोपन्न मिनिटांचा तारा

सत्याच्या शोधाची ओढ माणसाला उपजतच असते आणि हीच ओढ त्याला शेवटी ताऱ्यांपर्यंत घेऊन जाते. नागसेन रंगारी यांना ताऱ्यांपर्यंत त्यांच्या बायकोनं नेलं. निवृत्तीनंतरच्या चौथ्या महिन्यात ते कुकरच्या शिट्ट्यांची लेखी नोंद ठेवू लागले. तुरीच्या डाळीला कोणत्या वारी किती शिट्ट्या लागल्या, असा तक्ताच त्यांनी फ्रिजवर चिकटवला. तेव्हा सत्यवतीबाईंनी मुलीचा जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे आणून ठेवला.

"मेघाचे बाबा, काय लिहाचं ते याच्यात लिहा. माह्या कुकरच्या मागं नका लागू."

नागसेनजींचा तसा दोष नव्हता. तेहतीस वर्षं ते वीज कंपनीत ऑपरेटर होते. कन्हान नदीच्या पलीकडे, धानाच्या शेतांमध्ये उभ्या असलेल्या एका उपकेंद्रात दर तासाला उठायचं, मीटरचे काटे बघायचे आणि आकडे रजिस्टरात उतरवायचे, एवढं त्यांचं काम. रजिस्टरात एका दिवसाची एक ओळ आणि एका तासाचा एक रकाना. असे अडीचेक लाख आकडे त्यांनी आयुष्यात लिहिले. ते कोणी वाचल्याचा पुरावा नाही. मात्र 'सुवाच्य, नियमित व अचूक नोंदीं'साठी त्यांना कंपनीनं प्रशस्तिपत्र दिलं होतं. सक्करदऱ्यातल्या त्यांच्या घरी ते बाबासाहेबांच्या फोटोच्या बाजूला, पण आदरानं वीतभर खाली लावलेलं होतं.

पुण्याहून मेघानं फोनवर एक वेबसाइट उघडून दिली. परदेशातल्या एका वेधशाळेनं चार वर्षं आकाशाचे फोटो काढले होते. आपल्या आकाशगंगेच्या अगदी कडेला, जिथे तिची हद्द संपते, तिथले अत्यंत मंद तारे त्यांना शोधायचे होते. फोटो इतके जमले की शास्त्रज्ञांना ते बघायला सवड उरली नाही. जगात सवड कोणाकडे आहे याचा त्यांनी विचार केला आणि सगळी आकडेवारी निवृत्त लोकांसाठी खुली केली.

शोधायचे होते ते धडधडणारे तारे. असा तारा साधारण अर्ध्या दिवसात एकदा झपकन उजळतो आणि मग निवांत मंदावत जातो. हे सगळे तारे मुळात जवळपास सारख्याच तेजाचे असतात, म्हणून कोणता किती फिका दिसतो त्यावरून तो किती लांब आहे ते काढता येतं. ही गोष्ट समजायला लोकांना तीन-तीन व्याख्यानं लागतात. नागसेनजींना एका मिनिटात समजली. "म्हणजे सगळे साठ वॅटचेच बल्ब हायेत," ते बायकोला म्हणाले, "कोणता आपल्या अंगणात लागला अन् कोणता रामटेकले, ते उजेडावरून सांगाचं." सत्यवतीबाई म्हणाल्या, अंगणातला तर आठ दिवसांपासून उडालेला आहे, तो आधी लावा.

नागपुरात हे काम करणारा एक गट होता, 'आकाशमित्र' नावाचा. रविवारी सकाळी नऊला, ऊन चढायच्या आत, वाचनालयाच्या हॉलमध्ये त्याची बैठक भरायची. सभासद तेरा. त्यातले नऊ निवृत्त झालेले आणि तिघं निवृत्तीची वाट बघणारे. तेरावे डॉ. सौरव देवतळे, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवणारे. गटात तारे कळणारा हा एकटाच माणूस असल्यामुळे त्याला फारसं बोलायला मिळत नसे. बोलत असत ते अध्यक्ष, गणपतराव डोर्लीकर. गणपतराव वीज कंपनीतले निवृत्त कार्यकारी अभियंता. नागसेनजींच्या रजिस्टरातल्या प्रत्येक पानाखाली 'तपासले व बरोबर आढळले' असा जो शिक्का असे, त्यावरची सही त्यांची. निवृत्तीनंतर दोघं समान झाले होते, म्हणजे गणपतराव त्यांना आता "ए रंगारी"ऐवजी "रंगारी" म्हणत.

कामाची पद्धत अशी होती की, वेधशाळेचं मशीन आधी चाळणी लावायचं. त्यातून जे खाली पडे ते सभासदांनी बघायचं आणि हे धडधडतं की नाही ते सांगायचं. बाकीचे बारा जण तेच करत. नागसेनजी मात्र मशीननं टाकून दिलेला माल बघत. कंपनीत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती की, खरोखर काय झालं हे बघायचं असेल तर मंजूर फायली बघू नयेत, नामंजूर बघाव्या.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दोनला, कूलरसमोर बसून त्यांना क्रमांक चार हजार चारशे सतरा सापडला.

मशीननं त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'नामंजूर, घड्याळाचा दोष.' कारण असं होतं की, हा ठिपका अकरा तास चोपन्न मिनिटांनी उजळत होता, म्हणजे जवळजवळ बरोबर अर्ध्या दिवसानं. वेधशाळा जमिनीवर असते आणि ती फक्त रात्री बघते. एखादी गोष्ट रोज ठरावीक वेळेलाच उजळलेली दिसली तर ती आकाशात घडत नसून दुर्बिणीत घडत असण्याचा संभव जास्त. त्या वेळची हवा, चंद्र, कॅमेऱ्याची कुरबुर, काहीही. म्हणून मशीनला हुकूम होता की बारा तासांच्या आसपासचं जे काही असेल ते सरसकट फेकून द्या.

नागसेनजींना सरसकट या शब्दाचा राग होता. त्यांचे वडील धोंडबा छप्पन साली दीक्षेला मैदानावर होते आणि मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून काही मानायचं नाही, स्वतः तपासायचं, हे तिथून घरी आणलेलं वळण होतं. ते उठले आणि पलंगाच्या पेटीतून कोऱ्या रजिस्टरांचा गठ्ठा काढला. हा गठ्ठा निवृत्तीच्या दिवशी चुकून त्यांच्या पिशवीत आला होता. ताऱ्याच्या चार वर्षांतल्या दोनशे बारा नोंदी त्यांनी सवयीनं भरायला घेतल्या. एक दिवस एक ओळ, एक तास एक रकाना. जिथं उजेड जास्त तिथं लाल पेन. दिवसाचे रकाने अर्थातच रिकामे राहिले.

तीन दिवसांनी त्यांनी पानं जमिनीवर एकाखाली एक मांडली आणि खुर्चीवर उभे राहून बघितलं. लाल खुणा उभ्या रेषेत नव्हत्या. तिरप्या होत्या. दर अर्ध्या दिवसाला सहा म्हणजे रोज बारा मिनिटं अलीकडे, पाच दिवसांत एक रकाना अलीकडे, अशी ती रेघ पहाटेच्या रकान्यातून मध्यरात्रीकडे आणि तिथून संध्याकाळकडे चालत गेली होती. मग दिवसाच्या रिकाम्या रकान्यांत शिरून पहाटेच्या टोकानं परत बाहेर आली होती. चार वर्षं न चुकता.

नागसेनजी खुर्चीवरून उतरले नाहीत. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "हा खरा हाय."

"खुर्ची हलून राहिली," सत्यवतीबाई म्हणाल्या.

त्यांनी वेबसाइटवरून तो तारा परत पाठवला. मशीननं परत नाकारला. तीनदा पाठवला, तीनदा नाकारला, आणि तिसऱ्या वेळी खाली नम्रपणे लिहिलं की आपल्या उत्साहाबद्दल आभार. मार्ग एकच उरला. प्रत्येक गटाला वर्षातून एकदा, बहुमतानं, मशीनविरुद्ध एक शिफारस करता येत होती. मग ती एखादा जिवंत शास्त्रज्ञ बघणार आणि ताऱ्यापुढे शोधणाऱ्याचं नाव लागणार. मुदत मेच्या शेवटच्या रविवारपर्यंत होती.

नागसेनजींना ते नाव हवं होतं. त्यांनी कधी घर, गाडी, बढती यांपैकी कशाचाही हट्ट धरला नव्हता. पण अडीच लाख आकड्यांमध्ये हा पहिला होता, जो कोणीतरी वाचणार होतं. तो पहिला का, हे त्यांना नीट ठाऊक होतं आणि तीच अडचण होती.

शनिवारी सत्यवतीबाईंनी त्यांना समजावून सांगितलं. एक जुलैला निवृत्त कर्मचारी संघ त्यांचा आदर्श ऑपरेटर म्हणून सत्कार करणार होता. शाल होती, श्रीफळ होतं, आणि नावं ठरवणाऱ्या समितीत गणपतराव होते. साहेबाशी वाद घालायचा असेल तर दोन जुलैला घाला, तारा कुठं पळून चालला, असं त्यांचं म्हणणं. नागसेनजी म्हणाले, तारा रोज बारा मिनिटं पळूनच राहिला. तरीही रविवारी सभ्यपणे बोलायचं त्यांनी कबूल केलं आणि बाई कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा डबा घेऊन स्वतः लक्ष ठेवायला सोबत निघाल्या.

हॉलमध्ये नागसेनजींनी टेबलं जोडून त्यावर रजिस्टराची पानं अंथरली. तिरपी रेघ दाखवली. दुर्बिणीचा दोष असता तर तो घड्याळाला बांधलेला राहिला असता, रोज त्याच रकान्यात पडला असता. हा सरकतो आहे, म्हणजे याला आपल्या घड्याळाशी काही देणंघेणं नाही, असं त्यांनी सांगितलं. सौरव पानांवर वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला की काकांचा मुद्दा बरोबर वाटतो, मशीनची चाळणी इथे जरा जाडच आहे.

गणपतरावांनी वडी खाऊन संपवली आणि रुमालानं बोटं पुसली. ते म्हणाले की उत्साह चांगला असतो, पण वर्षाची एकुलती एक शिफारस असल्या ठिपक्यावर उधळणं बरोबर नाही. परदेशी लोक काय म्हणतील. मशीनला काही कळत असेल म्हणूनच त्यानं नाकारलं. आणि सरकण्याचं म्हणाल तर खोटी नोंददेखील सरकते. खोटं करणारा हुशार असतो, तो थोडं इकडेतिकडे करतोच.

"नाही करत, साहेब," नागसेनजी म्हणाले.

"रंगारी, मी तीस वर्षं रजिस्टरं तपासली. लाखो रीडिंग माझ्या नजरेखालून गेली. खोटं रीडिंग मी दुरून ओळखतो. माझ्या एकाही उपकेंद्रात एक आकडा खोटा नव्हता, आणि का नव्हता? कारण सगळ्यांना माहीत होतं, डोर्लीकर बघतो. तेव्हा हे मला शिकवू नका. हे तुमचं खोटं आहे." त्यांनी पेनाच्या टोपणानं तिरप्या रेघेवर टकटक केलं.

सभासदांनी माना हलवल्या. लाखो हा आकडा ऐकला की नागपुरात मान आपोआप हलते. सौरवनं तोंड उघडलं आणि गणपतरावांनी त्याला, तुम्ही अजून लहान आहात, असं प्रेमानं सांगितलं. सौरव चाळीस वर्षांचा होता.

नागसेनजींनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांनी एक जुलै असं म्हटलं. त्यांनी टेबलावर पाहिलं. रेघ चार वर्षं कोणाच्याही परवानगीशिवाय चालली होती.

"साहेब, खोटी नोंद सरकत नाही," ते म्हणाले. "मले माहीत हाय, काहून की मीच करत होतो."



मग नागसेनजींनी सगळं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही, की मान खाली घातली नाही. रात्रपाळीत ते अकरा वाजता सकाळी सहापर्यंतचे आकडे एकदमच भरून टाकत आणि बॅटरी रूममध्ये सतरंजी टाकून झोपत. आकडे अंदाजपंचे नसत, मागच्या आठवड्यातले असत, आणि मागच्या आठवड्यातले त्याच्या मागच्या. पहाटे रस्त्यावरचे दिवे विझले की विजेचा लोड खाली यायचा. खरा लोड उन्हाळ्यात लवकर उतरे आणि हिवाळ्यात तासभर उशिरा, कारण सूर्य तसा उगवतो. नागसेनजींच्या रजिस्टरात मात्र तो बारा महिने सहाच्या रकान्यातच उतरे. कन्हानच्या पलीकडे तेहतीस वर्षं सूर्य वेळेवर उगवला, कंपनीच्या नियमाप्रमाणे.

"खोटं करणाऱ्याले झोप आलेली राहते, साहेब. तो सरकवत बसत नाही. तो मागचंच उतरवते. खोटं उभ्या रेघेत राहते, एकदम सुवाच्य. त्याच्याच्यानं तर मले प्रशस्तिपत्र भेटलं."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"हे तुम्ही काय बोलता आहात, कळतं का?" गणपतराव म्हणाले. त्यांचा आवाज अधिकाऱ्याचा झाला होता, म्हणजे वयानं दहा वर्षं तरुण. "मी कंपनीला लेखी कळवू शकतो. पेन्शनची चौकशी लागेल."

"कळवा ना. रजिस्टरं रेकॉर्ड रूममध्ये हायेत, उंदरानं खाल्ली नसतील तर. पण त्या प्रत्येक पानाखाली तपासले व बरोबर आढळले असं हाय अन् सही तुमची हाय." नागसेनजींनी टेबलावरचं एक पान सरळ केलं. मग अगदी सभ्यपणे, कबूल केल्याप्रमाणे, पुढे म्हणाले, "आता दोनच गोष्टी होऊ शकते. एक तर तुमाले खोटं ओळखू येत नाही, मंग माह्या ताऱ्याले खोटं म्हणू नका. नाहीतर ओळखू येत होतं अन् सही करत होते. कोणती घेता, तुमी सांगा."

गणपतरावांनी कोणतीच घेतली नाही. त्यांनी पाणी मागितलं. मग ते म्हणाले की ही बैठक खगोलशास्त्राची आहे, वैयक्तिक विषयांची नाही.

मतदान झालं. सौरवनं सगळ्यात आधी हात वर केला, बहुधा चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्याच्यानंतर एकेक करून सहा हात वर गेले. त्यातले दोघं बँकेतले निवृत्त होते, एक जकात नाक्यावरचा. त्यांनाही खोट्या नोंदींबद्दल थोडीबहुत माहिती असावी. विरुद्ध पाच. गणपतराव तटस्थ राहिले, तेही लेखी. सत्यवतीबाईंचाही हात वर होता. त्या सभासद नव्हत्या, म्हणून तो मोजला नाही, पण खालीही आणायला लावला नाही. शिफारस सात विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाली आणि सौरवनं तिथंच बसून ती पाठवली. शिफारसीचं कारण या रकान्यात काय लिहू, असं त्यानं विचारलं.

"खरं ते लिही," नागसेनजी म्हणाले. "शिफारस करणाऱ्याले खोट्या नोंदींचा तेहतीस वर्षांचा अनुभव हाय."

सौरवनं तसंच लिहिलं.

परत येताना ऑटोत सत्यवतीबाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. रिकामा डबा मांडीवर होता. सक्करदरा तलावापाशी ऑटो सिग्नलला थांबला तेव्हा नागसेनजी म्हणाले, "तुले राग आला का वं?"

"कशाचा?"

"रात्रीची ती झोप."

"मले पहिल्या महिन्यातच समजलं होतं. रातभर जागलेला माणूस सकाळी आठले मटार सोलत बसते का?" त्यांनी पदर खोचला. "शालीचं वाईट वाटते. चांगली लोकरीची देतात म्हणे."

शाल गेलीच. एक जुलैला संघानं गणपतरावांचा सत्कार केला. जुन्या सहकाऱ्यांपैकी काहींनी फोन उचलणं बंद केलं आणि काहींनी उलट फोन करून विचारलं की तू नावं तर नाही ना घेतली. नागसेनजींनी सांगितलं की नाही, फक्त स्वतःचं. त्यांनी भिंतीवरचं प्रशस्तिपत्र काढलं नाही. सत्यवतीबाईंनी सुचवलं तेव्हा म्हणाले, राहू दे, ते खोटं नाही, अक्षर खरंच चांगलं होतं. मात्र त्याच्या खाली त्यांनी आणखी एक खिळा ठोकून घेतला आणि तो रिकामा ठेवला. येणारे-जाणारे विचारत, हा कशाचा खिळा. ते सांगत, यायचं आहे.

जून, जुलै, ऑगस्ट गेले. नागसेनजींनी नामंजूर ढिगातून आणखी नऊ ठिपके काढले. त्यातले आठ उभ्या रेघेत निघाले आणि ते त्यांनी स्वतःच, आनंदानं, खोटे ठरवले. गणपतराव बैठकीला येत राहिले, पण आता एखादं पान समोर आलं की आधी चष्मा लावत.

सप्टेंबरच्या बारा तारखेला सकाळी वेधशाळेचं उत्तर आलं. सौरव ते छापून घेऊन स्वतः घरी आला. सत्यवतीबाईंनी त्याला पोहे दिले, वर तर्री घातली आणि वाच म्हणून सांगितलं. त्यानं मराठीत करून वाचलं. मोठ्या दुर्बिणीतून चार हजार चारशे सतराची तपासणी झाली होती. तो दोष नव्हता. तो तारा होता, धडधडणारा, आपल्या आकाशगंगेच्या अगदी कडेचा, इथून साधारण नऊ लाख प्रकाशवर्षं लांब. त्याचा काळ अकरा तास चोपन्न मिनिटं, नागसेनजींच्या रेघेतून निघाला होता तोच. मशीनची चाळणी सरसकट होती हे वेधशाळेनं मान्य केलं होतं आणि ती बदलली होती.

नागसेनजींनी कागद हातात घेतला. इंग्रजी येत असूनही ते तो फक्त धरून बसले. मग म्हणाले, "नाव कुठं हाय?"

सौरवनं दुसरं पान उलटलं. शोधणाऱ्याच्या रकान्यात कोरियातल्या एका शाळेच्या पाचवीच्या वर्गाचं नाव होतं. त्यांची शिफारस अठरा दिवस आधी पोचली होती.